गावचा रनिंग ग्रुप सिंगापूरच्या पार्करनला नेताना

पार्करन म्हणजे स्पर्धा नव्हे. दर शनिवारी सकाळी ठरलेल्या बागेत ५ किलोमीटर पार करायचे, मग कोणी पळो, कोणी जॉगिंग करो, कोणी चालो. फी नाही, छातीवर नंबर नाही, मेडल नाही, टी-शर्ट नाही. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी हे सुरू केलं तेव्हा १३ जण पळाले होते. आता वीसेक देशांत दर आठवड्याला होतं, पण भारतात नाही. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या गटाला त्यातल्या त्यात जवळ आणि झेपेल असं ठिकाण म्हणजे सिंगापूर. तिथल्या ईस्ट कोस्ट पार्कात २०१४ पासून पार्करन भरतं.

फुकटातले ५ किलोमीटर पळायला एवढ्या लांब कशाला, हा प्रश्न घरातून येतोच आणि तो रास्त आहे. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात पहाटे सडकेवर माणसं दिसतात, पण ती वेगवेगळी. पोलीस भरतीची पोरं १६०० मीटरच्या घड्याळावर, मुली ८०० मीटरवर, शिक्षक आणि दुकानदार आपल्या वेळेला, बाया सडकेच्या दुसऱ्या टोकाला. भरती झाली की पोरांचं पळणं सुटतं, गुडघा दुखला की मास्तरांचं. हे सगळे एका दिवशी, एका रेषेवरून निघतात आणि शेवटच्या चालणाऱ्या बाईचीसुद्धा वेळ बिनचूक नोंदली जाते, तेही पगारी माणूस न ठेवता, हे कसं जमवतात ते तिथे हात घालूनच कळतं. म्हणून आमच्या मते अशा सहलीत पळण्याइतकंच स्वयंसेवकाच्या कामालाही जागा हवी. पुढचं सगळं नियोजन त्या हिशेबाने सांगतो.

सगळ्यात आधी महिना ठरवा, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे. शेतकऱ्याच्या हातात पैसा कापूस आणि तूर विकल्यावर येतो, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत. पण तेव्हा चिनी नववर्षामुळे सिंगापूरची हॉटेलं महाग असतात, डिसेंबर-जानेवारीत तिथे भरपूर पाऊस असतो आणि आपल्या शिक्षकांच्या मागे बोर्डाच्या परीक्षा लागतात. जून ते ऑगस्ट पेरणी, डवरणी, निंदण. वावर सोडून कोणी हलू शकत नाही. उरते पोळ्यानंतरची आणि सोयाबीन सवंगणीच्या आधीची फट, साधारण सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. या दिवसांचा एक मोठा फायदा आहे, तो पुढे दमटपणाच्या भागात येईल. तोटा एवढाच की सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे फॉर्म्युला वनची शर्यत असते; त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात, तेव्हा तारीख बघून घ्या. पैसे मात्र फेब्रुवारीपासूनच हप्त्याने गोळा करायला घ्यावेत.

पासपोर्टला गावाकडे वेळ जातो तो एकाच कारणाने, कागदावरची नावं आणि जन्मतारीख. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी. दाखल्यावर वडिलांचं नाव, आधारवर लग्नानंतर नवऱ्याचं. पासपोर्ट कार्यालयात हे चालत नाही. अर्ज भरण्याआधी आधार, पॅन, दाखला आणि बँकेचं पासबुक टेबलावर शेजारी ठेवून प्रत्येक अक्षर जुळवा. दुरुस्ती लागली तर आधी ती. नेहमीच्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० रुपये. पोलीस पडताळणीच्या दिवशी माणूस घरी हवा आणि दोन शेजाऱ्यांची ओळखपत्रं तयार हवीत. जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि सरकारी नोकरांनी खात्याला आधी कळवल्याची प्रत जोडावी, आणि परदेशप्रवासाची परवानगी त्याच वेळी मागून ठेवावी. ती फाईल टेबलाटेबलावरून फिरून यायला महिने लागू शकतात.

अर्जात आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात. आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव, दुसऱ्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. विमानाचं तिकीट काढताना हाच क्रम, हीच स्पेलिंग. तिकिटावर नुसतं ‘सुनील राऊत’ आणि पासपोर्टवर मधलं नावही असेल तर काउंटरवर अडचण होऊ शकते. तिकीट काढणाऱ्याला नावं तोंडी सांगू नका, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ नोंद येते, म्हणजे ठरावीक देशांत कामाला जायचं तर आधी सरकारी मंजुरी लागते; पन्नाशी ओलांडलेल्यांना तो प्रश्न नाही. सिंगापूर ईसीआर देशांच्या यादीत नाही, मलेशिया आहे. कोणी म्हणालं की सिंगापूरला जातोच आहोत तर क्वालालंपूरही करू, तर गटातल्या ईसीआरवाल्यांकडे परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापील असू द्या. फिरायला जाणाऱ्याला वेगळी मंजुरी लागत नाही, पण इमिग्रेशनवर प्रश्न विचारले जातात.

सिंगापूरचा व्हिसा आपण थेट मागू शकत नाही. अधिकृत एजंटामार्फत किंवा तिथल्या ओळखीच्या माणसामार्फत अर्ज जातो. फी ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटाचे पैसे; व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. प्रवासाच्या आधीच्या ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, त्यामुळे चार महिने आधी घाई करून उपयोग नसतो. लागतं ते असं: सहा महिने तरी शिल्लक असलेला पासपोर्ट, भरलेला व्हिसाचा अर्ज (फॉर्म १४ए), पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा ताजा फोटो, तिकीट, राहण्याचं ठिकाण, बँकेचं स्टेटमेंट. इथे शेतकऱ्याची अडचण होते, कारण त्याच्याकडे ना पगारपत्रक, ना आयकर विवरण. त्याने सातबारा, कापूस किंवा सोयाबीन विक्रीच्या पावत्या आणि त्या पावत्यांचे पैसे ज्यात जमा झाले त्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट एकत्र द्यावं. अर्जाच्या आदल्या दिवशी कोणाकडून तरी दोन लाख घेऊन खात्यात टाकण्याची युक्ती करू नका. तो आकडा वेगळाच दिसतो. गटाचं एकच पत्र करावं: कोण कोण, कशासाठी, किती दिवस, कुठे राहणार. ‘दर शनिवारच्या विनामूल्य ५ किमी सामुदायिक धावण्यात सहभाग’ एवढं सरळ वाक्य पुरतं. ‘स्पर्धा’ लिहिलं की निमंत्रणपत्र कुठे आहे, असं विचारलं जाऊ शकतं.

जायचा रस्ता दोन तऱ्हेने निघतो. नागपूरहून मुंबई किंवा आणखी एखाद्या मोठ्या शहरातून पुढे, सगळं एका तिकिटावर. महाग पडतं, पण पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते आणि सामान थेट पोचतं. किंवा सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाहहून रेल्वेने चेन्नई आणि तिथून सुमारे चार तासांचं विमान. दक्षिण विदर्भातल्या गटाला दुसरा रस्ता खिशाला बरा पडतो. रेल्वेचा भरवसा मात्र तासांत मोजू नका. विमान गुरुवारी असेल तर गाडी मंगळवारी संध्याकाळची घ्या, बुधवारी चेन्नईत मुक्काम करा. चेन्नई सेंट्रलहून मेट्रो थेट विमानतळावर जाते, टॅक्सीची गरज नाही.

आता पार्करनची नोंदणी. ती एकदाच, ऑनलाइन, फुकट. प्रत्येकाचा स्वतःचा बारकोड येतो, त्याखाली ‘ए’ ने सुरू होणारा नंबर असतो. जगातल्या कुठल्याही पार्करनला तोच चालतो, वेगळी प्रवेशिका नाही. नोंदणीत आणीबाणीचा संपर्क विचारतात. तिथे गावातल्या घरचा नंबर टाकायची सवय असते, पण धावताना कोणी पडलं तर गावात फोन लावून काय होणार? सोबत आलेल्या माणसाचा नंबर टाका, पुढे ९१ लावून. ज्यांच्याकडे ई-मेल नाही त्यांच्यासाठी नवा काढावा लागतो. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, निकाल त्याच पत्त्यावर येतो.

बारकोड फोनच्या पडद्यावर चालतो. तरी कागदावर हवाच. घामेजलेल्या हाताने फोन उघडत नाही, पडद्याचा उजेड कमी असला तर स्कॅनर वाचत नाही, आणि नियम पक्का आहे: बारकोड नसेल तर वेळ नाही. धावायला मिळतं, पण निकालात नावाच्या जागी ‘अनोळखी’ येतं. नुसता कागद खिशात ठेवला तर पहिल्या दोन किलोमीटरमध्ये घामाने भिजून शाई पसरते. झेरॉक्सच्या दुकानात एटीएम कार्डाच्या आकाराचा छापून लॅमिनेट करून घ्या, प्रत्येकी दोन. चकचकीत जाड लॅमिनेशनवर उजेड चमकतो आणि स्कॅन अडतो, म्हणून पातळ फिल्म सांगा. कार्ड अर्ध्यात घडी घालू नका. बारकोडवरून घडी गेली की तो गेला.

बारकोडमागची पद्धत नीट समजून घ्या, कारण सगळ्या उपक्रमाची कळ तिथे आहे. शेवटच्या रेषेवर टाइमकीपर उभा असतो. कोणी रेषा ओलांडली की तो बटण दाबतो. घड्याळात नुसत्या वेळा साठतात, पहिली, दुसरी, तिसरी. नावं नसतात. रेषेनंतर दोरीने किंवा कोन लावून केलेली अरुंद वाट असते, तिला फनेल म्हणतात. तिच्या टोकाला स्वयंसेवक प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचं छोटं टोकन देतो. त्यावर बारकोड आणि क्रमांक असतो, समजा ४७. ते घेऊन स्कॅनरवाल्याकडे जायचं. तो आधी तुमचा बारकोड वाचतो, मग टोकनचा. झालं. सत्तेचाळिसावी वेळ आणि सत्तेचाळिसावं टोकन जुळलं की तुमची वेळ निघाली. टोकन लगेच परत द्यायचं.

यात बिघाड कुठे होतो तेही उघड आहे. रेषा ओलांडून फनेलमध्ये न जाता कोणी बाजूने निघून गेला, तर घड्याळात एक वेळ जास्त, टोकन एक कमी. त्याच्या मागून आलेल्या प्रत्येकाच्या नावावर पुढच्याची वेळ चढते. फनेलमध्ये मित्राला पुढे घातलं, तरी दोघांच्या वेळा अदलाबदल होतात. भावाला सोबत देण्यासाठी जो शेवटचे शंभर मीटर नुसताच पळतो, त्याने रेषेच्या आधी बाजूला व्हायला हवं. आणि टोकन आठवण म्हणून खिशात घातलं, तर पुढच्या शनिवारी तो क्रमांक संचातून गायब. आपल्याकडच्या गावमॅरेथॉनमध्ये रेषेनंतर जो तो आपापल्या माणसांकडे धावतो, फोटो काढतो. ती सवय जाण्याआधी मोडायची असते.

म्हणून गावातच तीन-चार रविवार रंगीत तालीम करा. राज्य महामार्गाच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. एका दगडापासून अडीच किलोमीटर जाऊन परत, की झाले ५. मोटारसायकलच्या मीटरवर अंतर मोजू नका, तो चुकतो. सडकेवर वाहनं फार असतील तर शाळेच्या मैदानावर २०० मीटरचा गोल आखून २५ फेऱ्या. पुठ्ठ्याचे आकडे कापा, खुर्च्या मांडून फनेल करा, एकाने फोनच्या स्टॉपवॉचवर लॅप दाबावा, एकाने आकडे वाटावेत, एकाने वहीत नाव-आकडा लिहावा. दोन माणसं एकदम आली की टाइमकीपरची तारांबळ उडते, ते इथे कळलेलं बरं. भरतीच्या पोरांना पहिला किलोमीटर आवरून पळायला शिकवा. १६०० मीटरच्या सवयीने ती सुटतात आणि तिसऱ्या किलोमीटरला पोटात पेटका येऊन चालायला लागतात.

दमटपणाचं गणित वेगळं आहे आणि विदर्भातला पळणारा त्यातच फसतो. आम्ही ४५ अंशांत राहणारे, २६ अंश म्हणजे काय, असं वाटतं. पण मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, घाम आला की वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. सिंगापूरला सूर्योदयापूर्वी आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर असते. घाम वाळतच नाही, नुसता गळतो; पाणी आणि मीठ जातं, अंग मात्र गार होत नाही. परिणामी तोच वेग ठेवला तर नाडी वर चढत राहते. आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे अर्धा ते एक मिनिट हळू पळण्याची तयारी ठेवा, पहिला किलोमीटर तर त्याहूनही हळू. अंगावर काटा येणं, चक्कर, घाम एकाएकी थांबणं यांतलं काहीही झालं तर थांबून सावलीत बसा आणि जवळच्या मार्शलला, म्हणजे वाटेवर उभ्या स्वयंसेवकाला, हाक द्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला जाण्याचा फायदा इथे मिळतो. अंगाला दमट उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टची पहाट बऱ्यापैकी तशीच असते. पावसाळा आहे म्हणून पळणं बंद ठेवणारा गट हीच सवय गमावतो. झड लागलेले दिवस सोडून बाकी दिवस ४० ते ५० मिनिटं सोपं पळणं चालू ठेवा. फेब्रुवारीत जाणाऱ्याला ही सोय नाही. तो कोरड्या थंडीतून थेट वाफेत उतरतो.

सामानात काय न्यायचं यापेक्षा काय न्यायचं नाही ते महत्त्वाचं. खर्रा, गुटखा, खैनी, जर्दा यांतलं काहीही नाही. चघळायच्या तंबाखूवर सिंगापूरमध्ये बंदी आहे, नुसता बाळगणं हाही गुन्हा. निघण्याआधी प्रत्येकाच्या बॅगेचे कप्पे, पँटचे खिसे, बुटांच्या पिशव्या उलट्या करून झटका. चुरगळलेली जुनी पन्नी कुठेतरी सापडतेच. ज्याला खर्ऱ्याची सवय आहे त्याने महिनाभर आधीच सोडायला घ्यावं, नाहीतर तिथे दोन दिवस डोकं धरून बसेल. दुसरी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही ती खसखस. ती अफूच्या झाडाची, म्हणून तिथे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत येते, आणि आपल्या सावजी पद्धतीच्या मसाल्यात ती हमखास असते. घरचा काळा मसाला, मसाला लावलेलं वाळवण, भाजीचं कोरडं वाटण, काहीच नको. च्युइंगगमही नको. झोपेच्या गोळ्या आणि कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधांना आधी परवानगी लागते. रक्तदाब-साखरेच्या नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. जवसाची चटणी, शेंगदाण्याची चिक्की, दशम्या, ओआरएसची पाकिटं ठीक. ओली चटणी आणि लोणचं हातातल्या बॅगेत न ठेवता चेक-इनच्या सामानात.

निघण्याआधीची फोनवरची कामंही आहेत. बँकेच्या कार्डावर परदेशातले व्यवहार बहुधा बंद असतात. बँकेच्या ॲपमधून चालू करा. ओटीपी भारतीय सिमवरच येतो, म्हणून किमान मेसेजपुरतं रोमिंग घ्या. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरमध्ये शिरण्यासाठीचा प्रवाशाच्या माहितीचा फॉर्म, ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी सारख्या दिसणारी संकेतस्थळं आहेत, त्यांच्या नादी लागू नका. प्रवास विमा घेताना धावण्यात झालेली दुखापत त्यात धरली आहे का, ते वाचून घ्या.

आणि पार्करनच्या आयोजकांना पत्र. कायद्याने परवानगी लागत नाही, पण बारा-पंधरा माणसं एकदम येणार असतील तर तीन आठवडे आधी ई-मेल करणं हा साधा शिष्टाचार आहे. सगळी व्यवस्था स्थानिक स्वयंसेवकांच्या जिवावर असते, टोकन आणि स्कॅनर मोजके असतात. पत्रात किती जण, त्यातले किती चालणारे, आणि कोण दोघं-तिघं काम करायला तयार आहेत ते लिहा. नवख्याला जमणारी कामं ठरलेली आहेत: वळणावरचा मार्शल, बारकोड स्कॅन करणारा, टोकन देणारा आणि टेल वॉकर. टेल वॉकर म्हणजे सर्वांत मागे चालणारा. तो असतो म्हणून दुसरा कोणीही शेवटचा येत नाही. चालणाऱ्या वयस्क बाया आणि गुडघ्याचा त्रास असलेले यांच्या मनातली भीती या एका गोष्टीने जाते. तास लागला तरी कोणी फनेल गुंडाळत नाही. स्कॅनिंग फोनवरच्या पार्करनच्या ॲपमधून होतं, ते आधी उतरवून घ्या. त्या दिवशी काम करणाऱ्याच्या नावावरही नोंद होते, तीही त्याच ‘ए’ नंबरखाली.

गुरुवारी पोचा, शुक्रवारी सकाळी वीस मिनिटं हळू पळून या, शनिवारी पार्करन, रविवारी परत. शुक्रवारी पळायला ईस्ट कोस्ट पार्कातच जा आणि उद्या जिथून सुरुवात आहे ती जागा प्रत्यक्ष बघा. हा पार्क समुद्राकाठी सुमारे १५ किलोमीटर लांब पसरला आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘ईस्ट कोस्ट पार्क’ सांगितलं तर भलत्याच टोकाला उतरवेल. पार्करनच्या पानावरचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. राहायला लिटल इंडिया बरं, शाकाहारी जेवण आणि इडली-डोसा पायाशी. २०२४ मध्ये उघडलेलं मरीन परेड मेट्रो स्टेशन पार्काला जवळ आहे, मात्र पहिली गाडी वेळेत मिळते का ते आदल्या दिवशी बघा. गट मोठा असेल तर पहाटे टॅक्सी सोपी. मेट्रोत खाणं-पिणं मना आहे, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत. नळाचं पाणी तसंच प्यायला चालतं, बाटल्या विकत घेऊ नका.

धावणं तिथल्या वेळेने साडेसातला. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे पाच. गावात पाचला पळणाऱ्याच्या शरीराला ही वेळ ओळखीची आहे. अवघड जातं ते उठणं, कारण तिथले साडेपाच म्हणजे आपले तीन. गुरुवारपासूनच जेवण-झोप तिथल्या घड्याळाने ठेवा. उठल्यावर केळं किंवा चिक्कीचा तुकडा, अर्धा लिटर पाणी घोटघोट, एवढं पुरे. वाटेत पाण्याचं टेबल असेल असं धरून चालू नका, बाटली सुरुवातीच्या जागी ठेवा. दुखण्याची गोळी घेऊन पळायची सवय असेल तर इथे नको. घामाने पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला त्रास देते.

सात-सव्वासातला पोचा. नवख्यांसाठी वेगळी माहिती दिली जाते, ती इंग्रजीत असते. गटातल्या एकाने जवळ उभं राहून हळू आवाजात मराठीत सांगावं, पण बोलणाऱ्याच्या वरताण नाही. मग सगळ्यांसाठी सूचना, स्वयंसेवकांचे आभार, आणि सुरुवात. आपला वेग ओळखून उभे राहा, चालणाऱ्यांनी मागे. डावीकडून पळा, तिघं-चौघं शेजारी नको, सायकलचा रस्ता वेगळा आहे तिकडे जाऊ नका. अकरा वर्षांखालचं मूल मोठ्यांच्या हाताच्या अंतरावरच हवं. पळताना थुंकण्याची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच असते. तिथे तो दंडनीय गुन्हा आहे, हातरुमाल ठेवा. बॅनर, घोषणा, पुढाऱ्याच्या फोटोचा फलक यांतलं काही नेऊ नका. सार्वजनिक ठिकाणी असल्या गोष्टींचे तिथले नियम कडक आहेत.

एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये पहाटेच्या सुमारास सुमात्राकडून वारा-विजांचे झोत येतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कधीकधी इंडोनेशियातल्या जंगलांच्या आगींचा धूर पसरतो. दोन्हींमुळे पार्करन रद्द होऊ शकतं. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी निघताना पार्करनच्या पानावर बघा. रद्द झालं तर रविवारी भरपाई नसते, आयोजकांशी हुज्जत घालण्यातही अर्थ नाही. पाऊस ओसरल्यावर गटाने आपले ५ किलोमीटर पळून घ्यावेत.

पळून झाल्यावर लगेच हॉटेलकडे सुटू नका. शेवटचा माणूस आला की कोन, फलक, टोकन गोळा करायचे असतात. टोकन क्रमाने लावणं हे काम तर वाट पाहूनच मिळवा. चटईवर किंवा बाकावर दहा-दहाच्या ओळी लावत गेलं की कुठला क्रमांक हरवला ते आपोआप दिसतं, आणि सकाळच्या फनेलमध्ये कुठे गडबड झाली तेही. निकाल बहुधा त्याच दिवशी ई-मेलवर येतो. वेळ चुकली किंवा ‘अनोळखी’ आलं, तर टोकन क्रमांक लिहून आयोजकांना शांतपणे कळवा. म्हणून स्कॅन झाल्यावर टोकन देण्याआधी क्रमांक मनात ठेवायला सगळ्यांना सांगून ठेवा.

गावी परत आल्यावर हीच पद्धत सुरू करायला फार काही लागत नाही. लॅमिनेट केलेले १ ते ६० आकडे, लॅप साठवणारा एक फोन, एक वही, दोरी आणि आठ खुर्च्या. पार्करन हे नोंदणीकृत नाव आहे, ते लावायचं नाही; गावाचं नाव लावा. स्वयंसेवकांची यादी महिनाभराची एकदम करा, पहिल्या आठवड्यांत जोरात पळणारी पोरंच टाइमकीपरला बसवा, त्यांना मागून येणाऱ्यांच्या वेळाही पाहायला मिळतात. दिवस ठरवताना आठवडी बाजार टाळा, पहाटेपासून भाजीच्या गाड्या सुरू होतात. नोव्हेंबर ते जानेवारी जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या अंधारातच सडकेवर असतात, मागे दिवा असेलच असं नाही. तेवढे महिने मार्ग शाळेच्या मैदानावर किंवा पांदण रस्त्याने न्या.